मागच्या फळीवरची मोटर

दाजी मिस्त्रींना ती बातमी बर्फवाल्याकडून कळली, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

डिझेलचा नवा फिल्टर काखेत धरून ते बर्फाच्या कारखान्यावरून धक्क्याकडे चालले होते. लादी फोडता फोडता बर्फवाला ओरडला, "काय दाजी, मेहुण्याच्या होडीला मोटर बसतेय म्हणे! तुम्हीच बसवताय ना?"

"हो तर," दाजी म्हणाले आणि पुढे निघाले. त्यांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

ते खरं तर एकाच माणसाचे दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, आणि होडीवरून दिवसभर इतक्या हाका मारायचा की बघता बघता सुतार, बर्फवाला, मासे निवडणाऱ्या बायका, सगळेच दाजी म्हणायला लागले. "एक लग्न केलं आणि शंभर मेहुणे पदरात पडले," असं ते स्वतःच सांगायचे. त्या शंभरांतल्या खऱ्या मेहुण्याची होडी म्हणजे दाजींचा जीव की प्राण. बावीस वर्षांपूर्वी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं ते त्यांनीच. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा पाना त्या इंजिनाला लागला नव्हता. दाजींचं नाव होतं ते कानासाठी. धक्क्यावर उभं राहून, येणाऱ्या होडीचा नुसता आवाज ऐकून ते सांगायचे, कुणाचा पट्टा सैल झालाय आणि कुणाचा नोझल चोंदलाय. इंजिनं लांबून दाजींना बघूनच नीट चालायला लागतात, अशी थट्टा चालायची.

होडीवर पोहोचले तर मागच्या बाजूला मेहुण्याची सून गुडघ्यावर बसून ड्रिल चालवत होती. अंगभर लाकडाचा भुसा. होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, सुकाणूच्या डाव्या अंगाला, लोखंडी ब्रॅकेट अर्धंअधिक बसलं होतं. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात लहान मुलासारखी आडवी निजवलेली मोटर होती. आठ हॉर्सपॉवरची, करड्या रंगाची, चकचकीत.

"या दाजी, या!" मेहुणा उठून म्हणाला. "बरोबर वेळेवर आलात. ही बघा आमची नवी पाहुणी."

"बघतोय."

"गळ सोडताना हळू चालायला बरी. मोठं इंजिन कितीही कमी केलं तरी पळतंच. आणि समजा, कधी इंजिन बंद पडलं, तर निदान घरी तरी येता येईल."

समजा, कधी इंजिन बंद पडलं. बावीस वर्षांत ते दोनदा बंद पडलं होतं. त्यातही एकदा डिझेलमध्ये पाणी होतं, म्हणजे ती चूक इंजिनाचीही नव्हती आणि मिस्त्रीचीही. दाजींना वाटलं, जणू आपल्यासमोर आपल्याच लेकीच्या जागी कुणी दुसरी मुलगी आणून उभी केली आणि म्हणालं, ही असू दे, तुमची मेली तर.

"मोटर कुणी पसंत केली?" त्यांनी विचारलं.

"सूनबाईनं. मला त्यातलं काय कळतंय?"

सुनेनं ड्रिल थांबवलं, कपाळावरचा भुसा पुसला. "आतोबा, लांब दांड्याची घेतलीय. म्हणजे पंखा खोल राहील, लाटेत हवा ओढणार नाही." ती भरभर बोलायची आणि बोलताना हातातलं काम सोडायची नाही. लग्नाआधी सहा वर्षं तिनं वडिलांच्या दुकानात पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. तिचा नवरा बर्फाचा ट्रक चालवायचा, त्याला समुद्र लागायचा. म्हणून सासऱ्याबरोबर होडीवर तीच जायची. पूर्वी मेहुणा प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "दाजींना विचारतो." गेल्या वर्षभरात ते कधी "सूनबाईला विचारतो" झालं, हे दाजींना नेमकं सांगता आलं नसतं. पण झालं होतं.

फिल्टर इंजिनाच्या पेटीवर ठेवून ते घरी आले.

बायको शिलाई मशीनवर बसली होती. ती होड्यांची ताडपत्रीची छपरं आणि झाकणं शिवायची. आज तिच्या सुईखाली निळ्या जाड कापडाचं टोपीसारखं काहीतरी होतं.

"हे काय शिवतेयस?"

तिचा पाय थांबला. "झाकण आहे."

"कशाचं?"

"मोटरीचं," ती मोठ्यानं म्हणाली. हल्ली ती उगाचच ओरडून बोलायची.

"म्हणजे तुला माहीत होतं. माप कुणी दिलं?"

"सूनबाईनं. अहो, चार दिवस इथंच पडलंय. तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं, निळं कापड बघून मला स्वप्न पडणार होतं का?"

बायको हसली. "तुमच्या लाडक्या इंजिनाला सवत आली, म्हणून एवढे फुरंगटलात होय? येऊ द्या की. दोघी नांदतील."

दाजी हसले नाहीत. जेवताना त्यांच्या डोळ्यांसमोर ती सून आणि तिच्याकडे कौतुकानं बघणारा मेहुणा, असंच चित्र येत राहिलं. आपण एवढी वर्षं त्याच्या होडीत तेलानं काळे होत राहिलो, तेव्हा तो असा बघायचा का? आठवेना. बघत असेलही. पण आठवेना, याचाच अर्थ बघत नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ते होडीवर गेले. स्वतःशी म्हणाले, इंजिनाचं तेल बघायचंय. तेल बघितलंच नाही. सरळ मागे जाऊन ब्रॅकेटपुढे वाकले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण त्यांच्या मनात आली आणि त्यांनी ती झटकली.

काम चोख होतं. चार बोल्ट, चारही सरळ. भोकांत सील भरलेलं. मोटर पडलीच तर समुद्रात जाऊ नये म्हणून साखळी. त्यांना राग आला. नावं ठेवायला काहीच नव्हतं. मग ते आतल्या बाजूनं बघायला लागले. नटांखाली छोटे, रुपयाएवढे वॉशर. मागे आधाराला पट्टी नाही. आणि वरचे दोन बोल्ट जिथून आत आले होते, ती जागा दाजींच्या ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी तिथं पाणी झिरपायचं. सुतारानं वरवर ठिगळ मारलं होतं, त्यावर मेहुण्यानं रंग फासला होता, आणि त्या दिवशी दाजी इथंच बसून चहा पीत होते.

त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि वरच्या डाव्या बोल्टाशेजारी टोचला. टोक लोण्यात शिरावं तसं बोटाच्या पेराएवढं आत गेलं.

लाकूड आतून सडलं होतं. मोटर पुढे ढकलायला लागली की ब्रॅकेटचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा भाग मागे ओढला जातो. सगळा ताण त्या वरच्या दोन बोल्टांवर. हळू चालवली तर काही दिवस निभावेल. पण एखाद्या दिवशी लाटांत जोर द्यायची वेळ आली, की ते छोटे वॉशर फळी फाडून बाहेर.

नाकापेक्षा मोती जड, ते मनात म्हणाले. स्क्रूड्रायव्हर पुसला, रंगाचा सुटलेला पोपडा अंगठ्यानं पुन्हा जागेवर दाबून बसवला आणि धक्क्यावर चढले. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

मोटर चालवून बघायला अर्धा धक्का जमला. सुनेनं दोरी ओढली, दुसऱ्याच ओढीला मोटर सुरू झाली, आणि होडी मोठ्या इंजिनाशिवाय सरकायला लागली. मेहुणा साठीला आलेला माणूस, पण पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोरासारखा हसत होता. एक वळसा घेऊन तो परत आला आणि ओरडला, "दाजी, या ना! तुम्ही धरा एकदा."

"नको रे बाबा," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घरी बायको दिवसभर शिलाई मशीन चालवते. इथं येऊन मी पण तेच चालवू?"

धक्का खदखदून हसला. मेहुणाही हसला, पण जरा उशिरा. सुनेनं मोटर बंद केली आणि ती वर आली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा बाकीचे होडीकडे बघत होते.

"आतोबा," ती म्हणाली, "थट्टा राहू द्या. तुम्ही ही होडी माझ्यापेक्षा जास्त ओळखता. एकदा नीट बघून सांगा ना, कुठं काही राहिलंय का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दाजींनी नजर पाण्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझं काम आहे. तुलाच ठाऊक."

ती मग मान हलवून गेली.

पुढचे तीन आठवडे दाजींना वाईट गेले, कारण सगळ्यांना चांगले गेले. गळ सोडताना होडी आता चालत्या माणसाच्या वेगानं जायची, दोरी गुंतायची नाही, मासे बुजायचे नाहीत. मेहुण्याच्या टोपल्या भरून यायला लागल्या. दोन होडीवाले सुनेला येऊन भेटले, आमच्याही होडीला बसवून दे म्हणून. बर्फवाला तर तिला "इंजिनीअरबाई" म्हणायला लागला. दाजी धक्क्यावर असले की हे सगळं त्यांच्या डोक्यावरून नाही, पोटातून जायचं.

रोज होडी परत आली की ते काहीतरी निमित्त काढून आत उतरायचे आणि ब्रॅकेटकडे बघायचे. दहाव्या दिवशी वरच्या नटाजवळ रंगाला केसाएवढी चीर गेली. पंधराव्या दिवशी ती नखाएवढी झाली. तेव्हा मात्र त्यांना जरा भीती वाटली. सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण आता सांगायचं तर कधी बघितलं, तेही सांगावं लागणार. शिवाय एकदा तर मेहुणा स्वतःच सुनेला म्हणत होता, "पोरी, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं," आणि दाजी ओठांवर आलेलं गिळून परत फिरले.

मग एका सकाळी मेहुणा घरी आला. "दाजी, आज आमच्याबरोबर चला. इंजिन काहीतरी बोलतंय. तुम्ही ऐकून सांगा."

किती तरी दिवसांनी त्यानं असं बोलावलं होतं. दाजींनी धुतलेला शर्ट घातला.

होडीत तिघंच होते: सुकाणूवर मेहुणा, पुढे दोऱ्या आवरणारी सून, आणि इंजिनाच्या पेटीशेजारी दाजी. खाडीचं तोंड ओलांडून ते बाहेर पडले. दाजी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहिले. धडधड नेहमीसारखी होती. खोल, सारखी, ओळखीची.

"लोण्यासारखं चाललंय," ते म्हणाले.

सून जवळ आली. "आतोबा, ती शिट्टी ऐकू येतेय ना? पंपाच्या बाजूनं? बारीक?"

"कसली शिट्टी?"

"आता बघा. येतेय... येतेय... हां, आता."

दाजींना धडधडीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. सून मेहुण्याकडे बघत होती आणि मेहुणा सुनेकडे. दोघांनी लगेच नजरा वळवल्या.

दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. हे ठरवून आलेत. दोघांनी मिळून मला इथं परीक्षेला बसवलंय. "शिट्टीबिट्टी काही नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षं हे इंजिन ऐकतोय मी. तुझ्या त्या शिलाई मशीनचा आवाज कानात बसलाय तुझ्या."

होडी आणखी अर्धा तास पुढे गेली. वारा वाढला होता, पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले होते. "वळूया," मेहुणा म्हणाला. होडी वळली, आणि तेवढ्यात दाजींच्या नाकाला जळक्या रबराचा वास आला. त्यांनी झडप घालून पेटी उघडली. आतून वाफ उसळली. उष्णतेचा काटा टोकाला गेला होता. त्यांनी इंजिन बंद केलं.

पाण्याच्या पंपाचं बेअरिंग तुकडे होऊन अडकलं होतं, पट्टा जळला होता. शिट्टी बेअरिंगचीच होती. कित्येक दिवस वाजत असणार. दाजी तो गरम पट्टा हातात धरून बसून राहिले. आपल्याला ती ऐकूच आली नाही.

वारा होडीला किनाऱ्यालगतच्या खडकांकडे ढकलत होता. मेहुण्यानं नांगर टाकला, पण तळ सपाट कातळाचा. नांगर घसरत गेला, धरेना.

"सूनबाई, मोटर."

सुनेनं मोटर पाण्यात सोडली, दोरी ओढली. मोटर चालू झाली. तिनं जोर दिला तशी होडीनं तोंड फिरवलं, पण लाटांपुढे ती जेमतेम जागेवर राहत होती. सुनेनं आणखी जोर दिला.

दाजींना मागची फळी दिसत होती. वरच्या नटांभोवतीचा रंग फुटून पडला. वॉशर लाकडात रुतायला लागले. दर लाटेला ब्रॅकेट बोटभर मागे झुकायचं आणि परत यायचं.

तुटू दे, असं त्यांच्या मनात आलं. एकदाच आलं, पण स्पष्ट आलं. तुटू दे, म्हणजे कळेल सगळ्यांना. खडक दोनशे हातांवर होते, होडीत बायकोचा भाऊ होता, त्याची सून होती, ते स्वतः होते, आणि तरीही त्यांच्या मनात ते आलं.

मग ते ओरडले, "कमी कर! जोर कमी कर, फळी फाटतेय!"

"कमी केला तर खडकावर जाऊ!"

"वरचं लाकूड सडकं आहे. बोल्ट निघतायत. मी सांगतो ते ऐक, निम्मा जोर ठेव. दोर दे मला, जाडा!"

सुनेनं खाली वाकून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं जोर निम्म्यावर आणला. मेहुण्यानं नांगराच्या दोराचा तुकडा कापून फेकला. दाजी पोटावर झोपून मागच्या काठावरून बाहेर लोंबले. ब्रॅकेटच्या मानेला दोन वेढे घातले, दोर आत घेतला आणि इंजिनाच्या बैठकीच्या दोन लोखंडी पायांमधून ओढून परत बांधला. मग दुपदरी दोरात मोठा पाना अडकवून तो पिळत गेले. एक पीळ, दोन, पाच. दोर ताठ झाला, ब्रॅकेट पुढे ओढलं गेलं आणि फळीला चिकटलं.

"आता हळूहळू वाढव."

तिनं वाढवला. ब्रॅकेट हललं नाही. होडी इंच इंच करत खडकांपासून सरकायला लागली.

पाना सोडला असता तर पीळ उलगडला असता. म्हणून दाजी तो दोन्ही हातांनी धरून बसले. घरी पोहोचायला दोन तास लागले. अर्धा तास गेला. मग सुनेनं, पाण्यावरची नजर न काढता, विचारलं, "आतोबा, लाकूड सडलंय हे तुम्हाला आत्ता कळलं?"

दाजींना खोटं बोलता आलं असतं. तीच वाट सोपी होती.

"नाही," ते म्हणाले.

"मग केव्हा?"

"बसवलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. टोचून बघितलं होतं."

उरलेला दीड तास सुनेनं मोटरीचा दांडा धरून नजर किनाऱ्यावर ठेवली.

धक्क्याला लागल्यावर सून दोर बांधून सरळ निघून गेली. दाजींनी पाना सोडला, पण बोटं उघडेनात. तळव्यांची साल निघाली होती. मेहुणा समोर उभा होता.

"आम्ही दोघं रोज जात होतो," तो हळू म्हणाला. मग लक्षात येऊन त्यानं तेच मोठ्यानं म्हटलं. "तीन आठवडे रोज जात होतो, दाजी. माझी सून बसायची त्या मोटरीशेजारी."

"मला न विचारता आणलीस ती."

"हो."

"बावीस वर्षं! बर्फवाल्याकडून कळलं मला!"

"विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं," मेहुणा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की कशाचं कोण जाणे. "तुम्हाला ऐकू येत नाही, दाजी. दोन वर्षं झाली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. ताईनंच सांगितलं. धक्क्यावरचे सगळे म्हणाले, दुसरा मिस्त्री बघ, समुद्रात जीव जाईल. मी म्हटलं, इंजिनाला दाजींशिवाय कुणी हात लावणार नाही. सूनबाई म्हणाली, मग मामंजी, वरून एक छोटी मोटर ठेवू, म्हणजे आतोबांकडून काही सुटलं तरी आपण घरी येऊ. म्हणून आणली."

एवढं बोलून तो धक्क्याच्या पायऱ्या चढून गेला.

दाजी घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती. त्यांनी हात पुढे केले, ती धावत पाणी घेऊन आली. हात धुताना त्यांनी विचारलं, "सगळ्या धक्क्याला माहीत आहे?"

"काय?"

"माझ्या कानांचं."

ती तळव्यांना मलम लावत राहिली. "बर्फवाला कसा ओरडून बोलतो, बघितलं नाहीत?"

"मला वाटायचं, कारखान्यातल्या मशीनच्या आवाजामुळे ओरडतो."

"मी पण ओरडते."

"तू तर बायकोच आहेस," ते म्हणाले, आणि ती हसता हसता रडायला लागली. मग त्यांनी तिला स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं. पोपडा अंगठ्यानं कसा परत बसवला, तेही. तिचा हात थांबला. ती उठली, मलमाची डबी फडताळात ठेवली, आणि त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. भाऊ तिचा होता.

आठ दिवस दाजी घराबाहेर पडले नाहीत. कुणी बोलवायला आलं नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच गेले.

होडी उतरणीवर ओढून ठेवली होती. सुतारानं मागची फळी पुरती काढून नवी बसवली होती. सून खाली बसून लोखंडी प्लेटवर खडूनं भोकांच्या खुणा करत होती. दाजी जवळ येऊन उभे राहिले. तिनं मान वर केली नाही.

"प्लेट आखूड पडेल," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांपर्यंत ने. ताण पसरेल."

तिनं खूण पुसली, नवी केली. मग म्हणाली, "चूक माझीही आहे. सुतार म्हणाला फळी पक्की, मी मानलं. स्वतः टोचून बघायला हवं होतं."

"तू मला विचारलं होतंस."

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतं." ते जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही.

मेहुणा वरून सुताराशी बोलत आला. दाजींना बघून थबकला. "मिस्त्री," तो म्हणाला, "पंपाचं बेअरिंग आलंय. डब्यात आहे." दाजी नव्हे, मिस्त्री. आणि तो पुढे निघून गेला. दाजींनी ते मुकाट ऐकून घेतलं. एवढं तर ऐकू आलं होतं.

त्यांनी बेअरिंग बसवलं, नवा पट्टा चढवला. पंप हातानं फिरवला, कान जवळ नेला, पुन्हा फिरवला. शेवटी म्हणाले, "सूनबाई, जरा इकडे येतेस? मी फिरवतो. तू ऐक."

ती आली, वाकली. ते पंप फिरवत राहिले.

"खसखस येतेय," ती म्हणाली. "वाळूत पाय ओढल्यासारखी. एका फेऱ्यात एकदाच."

"एकदाच? मग बेअरिंग नाही. पट्ट्याची चकती तिरपी बसलीय." त्यांनी चकती सैल करून पुन्हा बसवली. "आता?"

"आता काही नाही."

"नक्की?"

"नक्की, आतोबा."

दोघं मिळून प्लेट लावायला बसले. ती बाहेरून बोल्ट धरायची, ते आतून नट आवळायचे. तळवे अजून दुखत होते. तेवढ्यात शेजारच्या होडीचा मालक उतरणीच्या टोकाशी येऊन उभा राहिला आणि ओरडला, "काय इंजिनीअरबाई! तुझ्या मोटरीनं सगळ्यांना वाचवलं म्हणे! आमच्या होडीचं कधी बघतेस?"

दोर कुणी पिळला, दोन तास पाना कुणी धरला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फळीचं दाजींना आधीच माहीत होतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं. सून फळीपलीकडे होती; तिचा चेहरा दाजींना दिसत नव्हता.

त्यांच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. तितकंच. आठ दिवसांत ते कुठंही गेलेलं नव्हतं.

"उद्या येते," सुनेनं बाहेरून उत्तर दिलं.

"यायच्या आधी त्यांची फळी टोचून बघ," दाजी आतून म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा रुक्ष आला. "सुकाणूच्या उजव्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी तिथं आपटली होती ती होडी."

"बरं," ती म्हणाली. "धरलाय बोल्ट. आवळा."

दाजींनी पाना लावला आणि नट आवळायला घेतला.